पायाच्या अंगठ्याचा ठसा

युद्धाचे दिवस होते. जबलपूरच्या दारूगोळा कारखान्यात भाजलेल्या एका कामगाराचं मृत्युपत्र लिहायला मला, नवख्या वकिलाला, दवाखान्यात बोलावलं. त्याचा मोठा भाऊ खाटेजवळून हलेना.

"वकीलसाहेब, तो शुद्धीत नाही. काहून त्रास देऊन राहिले त्याला?"

डॉक्टरांनी भावाला बाहेर काढलं. तो दारावर थापा मारत राहिला.

"घर कोणाला द्यायचं?" मी विचारलं.

"बायकोला," कामगार स्पष्ट बोलला. "दादा तिला हाकलून देईल."

त्याचे दोन्ही हात पट्ट्यांत होते, म्हणून पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला. डॉक्टर आणि नर्सनं साक्षीदार म्हणून सह्या केल्या.

तो वाचला नाही. भाऊ कोर्टात गेला, पण डॉक्टरांच्या साक्षीपुढे त्याचं काही चाललं नाही. ती बाई त्याच घरात राहिली.