कृष्णऊर्जेनं छळलेले आमचे सर

फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलातून अंघोळीपुरती घरी आले होते. "काकू, काका झोपेतच गेले," पुतण्या म्हणाला. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "सुटले." लोक काय म्हणायचं ते म्हणोत… महिना झाला, मला अजूनही तसंच वाटतं.

आमचे हे, भाईंदर पूर्वेचे कांबळे सर, शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर दर रविवारी बुद्धवंदना झाली की खारीगावच्या विहारात लहानथोरांचा वर्ग घ्यायचे. 'माहीत नाही' हे शब्द मात्र त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. एकदा काशीगावला लग्नाला निघालो आणि भलतीकडेच पोचलो, तर हे म्हणतात कसे, "हा शॉर्टकट आहे!" अशा माणसाला कृष्णऊर्जेनं गाठलं. विश्व नुसतं फुगत नाही, फुगण्याचा वेगही वाढतोय, आणि ज्यामुळे वाढतोय ती कृष्णऊर्जा. पण ती आहे काय? "अज्ञानाचं बारसं केलंय नुसतं," म्हणून चिडायचे. त्यातच पोटाचा आजार निघाला. डॉक्टरांकडेही यांचा तोच हट्ट, "नेमके किती दिवस ते सांगा." डॉक्टर म्हणायचे, सांगता येत नाही. मग घरी येऊन जेवण नाही, झोप नाही. मला धास्ती एकच होती, हा माणूस असाच धुमसत जाणार.

मग एक दिवस पेपर वाचता वाचता हे हसायलाच लागले. ती ऊर्जा कदाचित ओसरत असावी, पण खात्री नाही, अशी बातमी होती. "अगं, एवढ्या दुर्बिणी लावून बसलेत आणि यांनाही माहीत नाही!"

"मग तुम्ही एकट्यानंच का जीव काढताय?"

त्यांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "वाढ जेवायला." पुन्हा डॉक्टरांना त्यांनी दिवस विचारले नाहीत. माझ्या छातीवरचा धोंडा त्या दुपारीच उतरला.

परवा पौर्णिमेला विहारात खीर होती. वाढता वाढता सरांच्या वर्गातल्या सुनंदानं विचारलं, "काकू, माणूस गेल्यावर काय उरतं ओ?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरांची बायको ना मी!

"माहीत नाही गं."

तिनं पहिली वाटी माझ्याच हातात दिली. "सरांचा नियमच हाय. जो माहीत नाही म्हणेल, त्याला पहिली वाटी."

हे मला नवीनच होतं. "कधी केला हा नियम?"

"शेवटी शेवटी वर्गाला आलेले ना, तेव्हा. आणि पहिली वाटी त्यांनी स्वतःच घेतली, काकू. शुगर असून!"