खालांनी सांगितलेली मुलगी

खालांनी आपल्या केंद्रातल्या एकाही मुलीचा फोटो कधी कुणाला काढू दिला नाही. त्यांच्या निधनानंतर निघालेल्या स्मरणिकेत एका विद्वानाने याचे कारण त्यांच्या धर्मात शोधले आहे. हे साफ चूक आहे. कोरेगावातल्या कोणत्याही लग्नात खाला पहिल्या रांगेत बसत आणि फोटोग्राफरला दरडावून विचारत, "माझं तोंड नीट आलंय का रं? न्हाईतर परत काढ." खरे कारण त्यांनी मला सांगितले होते. "सर, आज हे फोटू मागत्यात. खाली लिवत्यात गरीब, वंचित. उद्या पोरीची सोयरीक जुळताना तोच फोटू कुनीतरी मोबाईलवर काढून दावंल. तवा तुमी येनार हाय का निस्तरायला?"

मी चौतीस वर्षे हायस्कुलात इंग्रजी शिकवले. निवृत्तीनंतर खालांच्या संस्थेचे अर्ज मीच लिहीत असे. स्मरणिकेत याचा उल्लेख नाही आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती इथे मांडण्याचे कारण नाही. भाजी मंडईमागच्या दोन खोल्यांत खालांचे केंद्र चाले. शाळा सुटण्याच्या बेतात असलेल्या, किंवा लग्न ठरण्याच्या बेतात असलेल्या मुली तिथे संध्याकाळी अभ्यासाला येत. त्यांच्या आया शिवण शिकत. दरवर्षी पुण्या-मुंबईच्या एखाद्या संस्थेकडून निधी मिळवायचा आणि त्यावर वर्ष काढायचे, अशी रीत होती.

मुलगी दोन दिवस आली नाही की तिसऱ्या दिवशी खाला तिच्या उंबऱ्यावर. त्या भांडत नसत, बसत. वडूजकडच्या एका गावात मुलीचा बाप मला साक्षी ठेवून गरजला, "खाला, आमच्या घरातलं आमी बघू. तुमी जावा." खाला म्हणाल्या, "बघा की. मी बी हितं बसून बघते." दुपारचे जेवण झाले, चहा झाला, शेजारणी जमल्या. दिवस मावळायच्या आत बापाने सुपारी बारावीपर्यंत पुढे ढकलल्याचे चारचौघांत कबूल केले. तो केवळ त्यांना उठवण्यासाठी तसे म्हणाला, हा काहींचा दावा आहे. असेल. मुलगी बारावी झाली, हे मी पाहिले आहे.

अर्जाला छायाचित्र मात्र लागतेच. मग खाला केंद्राच्या दाराबाहेर काढलेल्या चपलांचा फोटो पाठवत. "किती येत्यात ते कळतंय की. मोजा म्हनावं." एका संस्थेने तो फोटो आपल्या अहवालाच्या मुखपृष्ठावर छापला. तेव्हा खाला वर्षभर तो अहवाल पिशवीत घालून हिंडल्या आणि भेटेल त्याला दाखवत राहिल्या, "ही डाव्या अंगाची माजी."

फोटोवाचून भागले, पण यशोगाथेवाचून भागत नसे. केंद्रामुळे आयुष्य बदललेल्या एका मुलीची हकीकत, नाव बदलून, दीडशे शब्दांत. ती सांगायला खाला माझ्या घरी येत. पत्नी गेल्यापासून माझ्याकडे कामाशिवाय कोणी येत नव्हते. खालाही कामासाठीच येत, पण त्यांचे काम लांबत असे. त्या सांगत आणि मी लिहून घेत असे. एकदा त्यांनी सातवीतून काढलेल्या, तेराव्या वर्षी निकाह लावलेल्या आणि पुढे तान्ही लेक घेऊन माहेरी परतलेल्या मुलीची हकीकत सांगितली. "तिचं सासर शाळंला लागून हुतं, सर. घंटा झाली की ती हातातलं भांडं खाली ठिवायची. मग ध्यानात यायचं, परत उचलायची."

"खाला, जागा थोडी आहे. मुद्द्याचे बोला," मी म्हणालो.

"बरं. गाळा ते," त्या म्हणाल्या. मी ते गाळले.

त्या वर्षीचा अर्ज संगणकावर भरायचा होता. मुलीच्या वयासाठी एक चौकट होती आणि ती रिकामी ठेवली की पुढचे पान उघडत नसे. खालांनी वय सांगितले नव्हते. त्यांना फोन करून विचारणे मला कमीपणाचे वाटले. मी अंदाज केला आणि सोळा लिहिले.

महिन्याभराने संस्थेच्या अधिकारी बाई केंद्रात आल्या. तरुण होत्या, चौकस होत्या. चपला पाहून हसल्या, वह्या पाहिल्या आणि मग म्हणाल्या, "अर्जातल्या त्या मुलीला भेटता येईल? सोळाव्या वर्षी पदरात मूल आहे, तर तिची काळजी वाटते."

"अवश्य. आत्ता बोलावतो," मी म्हणालो. अर्ज माझा होता. त्यातले सर्व काही मला ठाऊक असायला हवे होते.

खाला शांतपणे म्हणाल्या, "बसा सर. ती मुलगी मीच."

म्हणजे इतकी वर्षे मी एकाच मुलीचे आयुष्य तुकड्यातुकड्यांनी लिहीत होतो. दुसऱ्याच्या लेकीची हकीकत उघड्यावर नको, म्हणून खाला दरवर्षी आपली देत होत्या.

अधिकारी बाईंनी कागद पुढे केला. "पण इथे वय सोळा आहे. हे कुणी लिहायला सांगितलं?"

खालांनी माझ्याकडे एकदा पाहिले. "मी," त्या म्हणाल्या.

चौतीस वर्षे मुलांना खरे बोलायला शिकवलेला मी समोरच्या कपाकडे पाहत बसलो.

बाई गेल्यावर खालाच म्हणाल्या, "आवं, तोंड कशापायी पाडलंय? चौकट हुती, भरलीसा."

"ती रिकामी ठेवता येत नाही," मी म्हणालो. एवढेच म्हणालो.

दिशाभूल करणारी माहिती, असा शेरा मारून अर्ज नाकारला गेला. बातमी फिरली, दुसऱ्या संस्थांनीही दार लावून घेतले. उन्हाळ्याच्या आत खोल्या रिकाम्या झाल्या आणि खाला सांगलीला लेकीकडे गेल्या. खालांनी पैशासाठी खोटी मुलगी उभी केली, असे आजही गावात बोलले जाते. हे बोलणाऱ्यांना मी लेखी सांगतो: मुलगी खरी होती. सोळा हा आकडा खोटा होता आणि तो माझा होता.

पुढल्या वर्षी मी सांगलीला गेलो. हेच त्यांच्यासमोर आणि त्यांच्या लेकीसमोर सांगायचे ठरवून गेलो होतो. खाला खाटेवर होत्या, पायाने अधू झालेल्या. "जेवलासा का?" हा पहिला प्रश्न. दुसरे वाक्य ऐकून मी माझे विसरलो. "ह्या गल्लीत बी लय पोरी हायत, सर. मी खाटंवरनं नावं काढलीत. एक अर्ज लिवूया. तुमच्याच हातचा पायजे." आणि मग हसून, "ह्या खेपंला वय मी सांगीन."

लेक हसली. मला हसता आले नाही. मी म्हणालो, "बघू." आणि साताऱ्याची गाडी गाठली.

त्यांचे दोन फोन आले. "फारम निघालं का?" मी डोळ्यांचे कारण सांगितले. डोळे तेव्हा ठीक होते. तिसरा फोन आला नाही. मोबाईलवर कुणी पाठवलेली बातमी आली.

शोकसभेत अध्यक्ष म्हणाले की अखेरच्या काळात खाला कार्यातून निवृत्त होऊन लेकीकडे विसावल्या होत्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. उठून बोलायला हवे होते, तिथेही बोललो नाही; म्हणून इथे लिहितो. खाला निवृत्त झाल्या नव्हत्या. त्या माझी वाट पाहत होत्या.