मामानं केलेला जिल्हा

माझ्या मामानं एक अख्खा जिल्हा केला होता. हसू नका, खरंच केला होता. जिल्हा कचेरीमागच्या हॉलमध्ये तो अजून आहे. लाकडी चौकटीत डोंगर, नद्या, रस्ते, गावं, सगळं बसवलेलं. दोन पलंग जोडून ठेवले तर जेवढी जागा लागेल, तेवढा. शाळांच्या सहली येतात, मास्तर छडी टेकवून सांगतात, उत्तरेला डोंगराळ भाग, दक्षिणेला सपाट. छडी टेकवू नये अशी पाटी आहे, तरी टेकवतात.

हॉलच्या एका भिंतीवर जिल्ह्याचा इतिहास रंगवलाय. शेजारच्या जिल्ह्यातून हा कधी कापून काढला, व्यापाऱ्यांचा जुना रस्ता कुठून जायचा, दुष्काळात डोंगराकडची गावं कशी ओस पडली, वगैरे. दुसऱ्या भिंतीवर लोकसंख्या. बायका किती, पुरुष किती, लिहिता-वाचता येणारे किती. त्या भिंतींकडे कुणी ढुंकून बघत नाही. सगळे थेट मामाच्या जिल्ह्यावर जाऊन वाकतात आणि आधी आपलं गाव शोधतात.

आता तुम्हाला वाटेल ही मामाचं कौतुक सांगायला बसली. कौतुक कसलं! मामाचा विषय निघाला की मला अजून मान खाली घालावीशी वाटते. माझी काही चूक नव्हती हो. पण रक्ताचं माणूस म्हटलं की त्याची लाजही आपल्याच वाटणीला येते.

मामा आईपेक्षा दहा वर्षांनी लहान. आजी-आजोबा पाठोपाठ गेले, तेव्हा आईचं नुकतंच लग्न ठरलेलं. ती भावाला हाताला धरून सासरी आली. नवी नवरी, आणि शेपटासारखा मागे भाऊ! सासरचे काय काय बोलले असतील ते तीच जाणे, तिनं कधी सांगितलं नाही. आमचं गाव उत्तरेकडच्या खोऱ्यात, नदीच्या काठाला. मामा तिथंच वाढला, तिथल्याच गवंड्याच्या हाताखाली शिकला. भिंत वगैरे सगळेच बांधतात, पण मामाची फरशी म्हणजे फरशी. कळशीभर पाणी ओता, सरळ मोरीकडे जाणार, मधे कुठं थांबायचं नाव नाही. बोलायला मात्र शून्य. आई म्हणायची, “आमच्या बारक्याच्या तोंडातून शब्द निघत नाही, पण हातातून काम निघतं.” हे ती अभिमानानं सांगायची. त्यात पुढं काय वाढून ठेवलंय, हे तिला तरी कुठं ठाऊक होतं?

पुढं मामा जिल्ह्याच्या गावी बांधकाम खात्यात रोजंदारीवर लागला. लग्न झालं, कचेरीमागच्या चाळीत दोन खोल्या मिळाल्या. एका खोलीत मामी, दुसऱ्या खोलीत मामीचं बोलणं, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो. मामी फटकळ, पण मनानं आरशासारखी स्वच्छ.

कचेरीत जिल्ह्याचा देखावा करायचं ठरलं, तेव्हा शहरातून एक कलाकार बोलावला होता. त्यानं कागदावर रेघा मारल्या, चहा प्यायला आणि जो गेला तो गेलाच. चौकट ठोकायला मामाला पाठवलेलं. साहेब म्हणाले, तूच कर. मामानं लोखंडी जाळी वाकवून डोंगर उभे केले, पोत्याच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये बुडवून त्यावर चढवल्या, वाळल्यावर घासल्या. खऱ्या मापानं करायला गेलं तर सगळ्यात उंच डोंगर बोटाच्या पेराएवढाही भरेना. मग साहेबांनी सांगितलं, उंची पाचपट धर. मामा हसून म्हणाला, “डोंगरांनासुद्धा थोडी बढाई मारावी लागते गं, नाहीतर कुणी विचारत नाही.” एवढं लांब वाक्य मामा आयुष्यात एकदाच बोलला असेल.

गावांना टाचण्या लावल्या होत्या. मोठ्या वस्तीला लाल डोक्याची, मधल्याला पिवळी, लहान गावाला पांढरी. आमचं गाव पांढरं. त्याच्या खालच्या अंगाला मामानं नदीला एक वळण दिलं होतं, ते साहेबांच्या नकाशात नव्हतं. आई तिथं कपडे धुवायची. साहेबांनी विचारलं तर म्हणाला, आहे तिथं वळण, मी पाहिलंय.

उद्घाटन तोंडावर आलं आणि साहेब दुसराच नकाशा घेऊन आले. खोऱ्याच्या तोंडाशी धरण होणार होतं. आतली सगळी गावं पाण्याखाली जाणार होती. नोटिसा अजून निघायच्या होत्या, पण उद्घाटनाला वरचे पाहुणे येणार, त्यांना होणारा तलाव दिसायला हवा. खोऱ्यातलं कुणी हा देखावा बघायला येईल, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. “खोरं निळं करून टाक,” साहेब म्हणाले. “आणि बाहेर बोलू नकोस. तुला कायम करायचा कागद माझ्याच टेबलावर येणार आहे.” झालं! अळीमिळी गुपचिळी.

मामानं टाचण्या उपटल्या. खोरं प्लास्टरनं भरून सपाट केलं, निळा रंग दिला, वरून चकचकीत वॉर्निश मारलं. नदीचं ते वळणही त्याच्याखाली गेलं. भिंतीवर जिल्ह्यातल्या एकूण गावांचा आकडा होता, तो साहेबांनी खोडून कमी करून घेतला. लोकसंख्येचा आकडा होता तसाच ठेवला. म्हणजे गावं गेली आणि माणसं राहिली. ती राहणार कुठं, हे त्या भिंतीवर कुठंच लिहिलेलं नव्हतं.

घरी येऊन मामानं मामीला सांगितलं. मामी ताडकन उठली. “इथं काय बसलात? आत्ताच्या आत्ता जा आणि ताईंना सांगा.”

कारण आई तेव्हा घर बांधत होती. बाबा गेल्यापासून शिवणाच्या मशीनवर पाठ मोडून तिनं जे काही साठवलं होतं, ते सगळं त्या घरात चाललं होतं. जुनं मातीचं घर पाडून झालं होतं, नव्याच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, वर पत्रे चढले होते. फरशी तेवढी बाकी होती. तेव्हा कळलं असतं तरी हात आखडता घेता आला असता. शेजारणीनं तर आईचं बघून स्वतःच्या घराचा पाया खणायला घेतला होता.

मामा सांगायलाच निघाला होता, हे मामी आजही शपथेवर सांगते. आला तर आई दारातच उभी. “आलास? बरं झालं बाई! फरशी तूच घालायची. दुसऱ्या कुणाच्या हातची मला नको. हत्यारंसुद्धा मागून ठेवलीत बघ.” मामा उंबऱ्याशी उभा राहिला, तोंड उघडलं, मिटलं. आणि हातात थापी घेऊन खाली बसला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ती त्या दिवशी आमच्या दारात उभी होती.

चार दिवस तो फरशी घालत होता. मी कॉलेज संपवून घरीच होते, पाणी भरून देत होते, सगळं डोळ्यांनी बघितलंय. एखादी फरशी केसभर खाली बसली तर उपटून परत बसवायचा. सांधे असे भरले की नख जाणार नाही. जेवायला उठवावं लागायचं. आई म्हणाली, “अरे, राजवाडा आहे का हा? किती घासशील?” मामा खाली मान घालून म्हणाला, “जन्मभर टिकायला हवी ना, ताई.”

असं म्हणाला! माझं डोकं आजही फिरतं. तोंडात मूग होते तर ते गिळून गप्प बसायचं. हे वर आणखी बोलायची काय गरज होती?

तो परतल्यावर मामी त्याच्यावर चिडली, रडली, स्वतः जाते म्हणाली. मामानं तिला हात जोडले. सरकारी काम, सहा महिने थांब, म्हणाला, आणि धरण म्हणजे साठ वर्षं थांब. कशाला ताईच्या जिवाला घोर? मोजणी करणारे याआधीही दोनदा येऊन गेले होते, काही झालं नव्हतं, हेही खरं. खोटं बोलायचं तर माणूस आधी स्वतःशीच बोलतो. मामी शेवटी गप्प बसली.

उद्घाटन झालं. पेपरात साहेबांचा फोटो आला, त्यात मागे अर्धा मामा. आईनं तो अर्धा मामा कापून मशीनच्या झाकणावर चिकटवला. आता तिला तो जिल्हा बघायचाच होता. मामानं निरोप पाठवले. हॉलला रंग चाललाय. किल्ली साहेबांकडे आहे. दिवे गेलेत. आई म्हणाली, “लाजतोय मेला. कौतुक करून घ्यायची सवय नाही ना!” आणि मालाची गाडी ठरवून, गावातली जमतील तेवढी माणसं कोंबून ती निघालीच. वाटभर तिची टकळी चालू. माझा भाऊ असा, माझा भाऊ तसा. शेजारीण म्हणाली, पुरे गं, आता दृष्ट लागेल तुझ्या भावाला. सगळे हसले.

हॉलच्या दारात मामा उभा होता. आम्हाला बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आईनं त्याचे दोन्ही गाल धरले, सगळ्यांदेखत. मग त्याला ओढतच आत नेलं.

सगळे चौकटीभोवती वाकले. डोंगर सापडला. बाजाराचं गाव सापडलं. दोन नद्या जिथं मिळतात ती जागा सापडली. एक म्हातारेबुवा आमच्या नदीवर बोट धरून वर वर जायला लागले आणि बोट निळ्यापाशी येऊन थांबलं. “आपलं गाव कुठाय रे?”



“अगं बाई,” आई म्हणाली, “इथं रंग सांडलाय! बघा, केवढा सांडलाय! लहानपणापासून असाच हा. दुधाचं भांडं दिलं तरी सांडून यायचा.” सगळे परत हसले. आईनं रुमाल काढला, टोकाला थुंकी लावली आणि निळं पुसायला लागली. लहान मुलाचं तोंड पुसतात तसं, मन लावून. वॉर्निश मारलेलं, निघणार कसं? ती जोर लावून घासायला लागली. मी मामाकडे बघत होते. त्यानं तेव्हा हो, सांडलाय, म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्या दिवसापुरतं निभावलं असतं, आणि मला वाटतं तो तसं म्हणणारच होता.

“निघत का नाही रे हे?” आई म्हणाली.

“ताई, पुसू नकोस,” मामा म्हणाला. “सांडलेलं नाही ते. पाणी आहे. धरणाचं.”

म्हातारेबुवांनी निळ्यावरून बोट काढलं नाही. शेजारणीनं विचारलं, म्हणजे आपण सगळे? मामानं होकाराची मान हलवली. कुणीतरी त्याच्या अंगावर धावून जायला निघालं, त्याला बाकीच्यांनी धरलं. मला धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं असं वाटत होतं. या लोकांना वाटभर हसवत आम्हीच आणलं होतं.

आईचा हात अजून रुमालासकट तिथंच होता. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. “फरशीच्या आधी की नंतर?” तिनं विचारलं.

मामाला कळलं ती काय विचारतेय. मलाही कळलं.

“आधी,” तो म्हणाला.

आईनं रुमालाची घडी घातली. “चला,” ती सगळ्यांना म्हणाली, “गाडीवाला खोळंबलाय.”

पुढं व्हायचं ते झालं. नोटिसा आल्या, मोर्चे निघाले, पाणीही आलं. मामा त्याच वर्षी कायम झाला. घर मोडताना तो हातोडी घेऊन आला होता. दारं निघाली, पत्रे निघाले, फरशी काही निघेना. एक एक फुटतच गेली. आईनं त्याला दुपारी जेवायला वाढलं, पण बोलली नाही. संध्याकाळी तो गेला.

सपाटीला नवी वसाहत मिळाली. तिथं दोन खोल्या बांधल्या तेव्हा मामानं मामीकडून विचारलं, फरशीला येऊ का? आईनं वसाहतीतल्याच एका नवशिक्या गवंड्याला बोलावलं. त्यानं जी काय फरशी घातली, ती तुम्ही बघायलाच हवी. पाणी ओतलं की मोरी सोडून सगळीकडे जातं.

वर्षभरानं मामा-मामी आले. आईनं चहा केला. मघाशीच फरशी पुसली होती, पलंगाखाली पाण्याचं डबकं साचलेलं. मामाची नजर तिथं खिळली. त्याला राहवेना. खाली वाकून त्यानं सांध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “ताई, ही फार वाकडी बसलीय गं.”

“वाकडी आहे,” आई म्हणाली. “पण घालणाऱ्यानं आधीच सांगितलं होतं, वाकडी होईल म्हणून.”

मामा ‘बरं’ म्हणाला आणि चहा प्यायला.