रिठ्याच्या पाण्यातून वाचलेले शंभराचे नाणे

श्रीगजाननाचे स्मरण करून आणि श्रीमहालक्ष्मीच्या चरणी मस्तक ठेवून, यंदाच्या धनत्रयोदशीच्या सकाळी आमच्या भोरच्या घरी जे घडले ते लिहावयास बसलो आहे. त्यात माझी थोडी फजिती आहे. पण ती आठवली की आजही हसू येते, म्हणून झाकून ठेवीत नाही.

माझी मानलेली बहीण वेल्ह्याकडच्या एका शेतकरी घरात नांदते. तिच्या लेकीचा यंदा पहिला दिवाळसण होता. पाडव्याला जावयाच्या हातावर ठेवण्यासाठी तिने एकच वस्तू योजिली होती. लेकीच्या जन्मवर्षी बहिणीच्या यजमानांनी टांकसाळीतून टपालाने नाण्यांचा एक संच मागविला होता. निळ्या पुठ्ठ्याचे पाकीट, त्यात पारदर्शक प्लास्टिकची डबी, आणि डबीतल्या पुठ्ठ्याच्या गोल खाचांत बसविलेली चार नाणी. त्यांतले शंभराचे मोठे नाणे चांदीचे. इतकी वर्षे तो संच तिच्या ट्रंकेत शालूच्या घडीत निजला होता. जावयाला नाणी जमविण्याचा नाद आहे हे कळल्यापासून तर तिला आभाळ ठेंगणे झाले होते.

त्या सकाळी मात्र ती तोंड उतरवून आली. पिशवीतून संच काढून तिने माझ्यापुढे ठेवला.

"दादा, हे बगा. काल उघडून बगितलं तर कडंनं सगळं काळं पडलंय. जावायाच्या हातात असलं द्यायचं? तिकडं म्हनत्याल, सासूनं मुलामा दिलेलं खपवलं."

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. "देवघरातील चांदी मी पन्नास वर्षे उजळतो आहे."

"म्हनून तर तुमच्याकडं आले. लेक-जावाई दुपारी हितं तुमाला नमस्कार करून मगच वेल्ह्याला यायचेत. त्याच्या आत तेवढं चकचकीत करून द्या."

मी रिठे उकळून कोमट पाणी केले, चाळलेले भस्म वाटीत घेतले आणि पाटावर बसलो. डबीचे झाकण घट्ट बसले होते. सुपारीच्या अडकित्त्याच्या टोकाने ते हळूहळू सैल केले. आधी सर्वांत लहान, पाच रुपयांचे नाणे घेतले. चार वेळा भस्माने चोळले, धुतले, पंच्याने पुसले. ते लखलखले.

"आता कसं, देवाच्या टाकावानी दिसतंय," ती सुखावून म्हणाली.

मग शंभराचे नाणे घेतले. मळ कुठे कुठे धरला आहे ते पाहावे म्हणून उजेडाकडे तिरपे केले, आणि माझा हात थबकला. मध्यभागी चांदी अजून शुभ्र होती. तिच्याभोवती फिकट सोनेरी वलय, त्याबाहेर तांबूस जांभळे, आणि अगदी काठाला मोराच्या मानेचा निळा रंग. नाणे हलले की रंग सरकत. संध्यावंदनाच्या वेळी पूर्वेला इतके रंग पाहिले आहेत. धातूवर कधी पाहिले नव्हते.

"काय बगत बसलात? पानी निवतंय," बहीण म्हणाली.

तिचे समाधान महत्त्वाचे, असा विचार करून मी नाणे पाण्याकडे नेले. तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. लेक-जावई वेळेआधीच पोहोचले होते. जावई उंबऱ्यातूनच म्हणाले, "मामा, थांबा. ते पाण्यात घालू नका."

ते नमस्कार विसरून माझ्याजवळ येऊन बसले. नाणे त्यांनी कडांनीच धरले, उन्हात फिरविले, डबीतल्या खाचेशी ताडून पाहिले. बहिणीने पदराचे टोक मुठीत आवळले होते.

"चुकलं आमचं, जावईबापू," ती अखेर म्हणाली. "काळं पडलंय. दुसरं काय तरी घेऊ."

"आई, दुसरं काही नको. असं नाणं मी फक्त चित्रात पाहिलंय." जावयांनी नाणे तिच्यापुढे धरले. "पुठ्ठ्यात थोडा गंधक असतो. बंद डबीत तो वर्षानुवर्षे चांदीला हळूहळू लागतो. हे वलय खाचेच्या गोलाबरोबर कसं कडेनं आत आलंय, बघा. मुद्दाम रंगवलं तर असं येत नाही. पाकीट मूळचं, त्यामुळे शंकाच नाही. तुम्ही ते उघडलं नाहीत, म्हणून हे झालं."

"म्हंजी हा मळ न्हाई?"

याचे उत्तर मला सुचले. "मारुतीवर शेंदराची पुटे चढतात, त्यांना आपण मळ म्हणतो का? खरवडतो का?"

"तुमीच तर आता खरवडायला बसला होता," ती म्हणाली, आणि लेक तोंडाला पदर लावून हसू लागली.

मी लखलखणारे पाचाचे नाणे पुढे केले. जावयांनी ते निरखून पाहिले. भस्माच्या बारीक रेघा त्यांना दिसल्याच असणार. पण त्यांनी ते तितक्याच जपून त्याच्या खाचेत बसविले. "हे राहू दे असंच. मामांनी याला मंगलस्नान घातलंय, तेही धनत्रयोदशीला."

बहिणीला आता पाडव्यापर्यंत धीर निघेना. तिने तिथेच देवापुढे जावयांना पाटावर बसविले आणि कुंकवाचे बोट संचाकडे नेले. जावयांनी लगबगीने डबी मागे घेतली.

"अवो, वान द्यायचं आनि कुंकू न्हाई लावायचं?"

"कुंकू मला लावा, आई. हवं तेवढं."

तिने ते कपाळभर लावले, अक्षता टाकल्या, आणि संच त्यांच्या ओंजळीत ठेवला. तिच्या चेहऱ्यावरचे तेव्हाचे तेज पाहून माझ्या मनात आले, जगन्मातेने माझा हात वेळीच आवरला.

वाचकहो, आपल्या घरी जे जे जपून ठेवले आहे त्यावर त्या जगन्मातेची अशीच दृष्टी राहो. लेकी-जावयांची पावले आपल्या उंबऱ्यात आनंदाने पडोत. आणि आपल्या कुळास आरोग्य, अन्न व सौहार्द अखंड लाभो. शुभं भवतु.