लाल गाडीची मूठ

मी पत्रा ठोकणारा माणूस. शाळेत एकदाच गेलो, छपराची गळती काढायला. तरी जुनी गाडी बघायची म्हणली की आमचे दाजी, म्हंजे थोरल्या अक्काचे मालक, मलाच नेतेत. अक्कल बघून न्हाई, संशय बघून. मला बायकोनं आपणहून चहा दिला तरी संशय येतंय.

जनवाड्याच्या एका अप्पांकडं दोन जुन्या जपानी गाड्या होत्या. दोन दाराच्या, बसक्या. त्यांच्या भावाचा शौक. भाऊ वारला, गाड्या गोठ्याशेजारी ऱ्हायल्या. एक पांढरी, एक लाल. लाल गाडीचं बटण दाबलं की दिवे बेडकाच्या डोळ्यागत वर यायचे. दाजींनी ती पोरवयात संतपूरच्या रस्त्यावर बघितली, तवापासून त्यांचा जीव तिच्यातच. हैदराबादला जुन्या गाड्यांचा मेळा भरतंय, तिथं ती न्यायची, एवढंच त्यांचं सपान.

आदी पांढरी फिरवली. पाय दाबला की देवणीचा गोऱ्हा बुजल्यागत सुसाट. माझी टोपी मागच्या शिटावर. लाल तेवढी वढत न्हवती, पण वळणाला रस्ता सोडत न्हवती.

"पळायला पांढरी," मी म्हणलं, "पण हिचं इंजिन बदललंय. जपून ठेवायला लाल. शौकीन लोकं अंगचं सामान बघतेत, स्क्रू बी मूळचा लागतंय."

मग लालवर चुंबक फिरवलं. सगळीकडं चिकटलं, म्हंजे सगळा पत्राच, कुठं पुट्टी भरून रंग फासलेला न्हाई. खाली घुसलो, नाक काळं करून बाहेर आलो. खोट सापडंना, म्हणून मला लईच संशय आला.

दाजींनी लालच ठरवली. अप्पा व्हय म्हणले. चहा पिता पिता बघतो तर अप्पा गुपचूप लाल गाडीत वाकलेले, गिअरची लाकडी मूठ फिरवून काढायलेत.

"अप्पा, मूठ कामून काढायलाव?" मी वरडलो. "दाजी, बघा! आपल्यादेखत ही, तर मागं काय काय गेलं असंल!"

"आरं, हळू बोल की," दाजी म्हणले.

मूठ हातात घेऊन अप्पा गाडीतून बाहेर आले. गोठ्यात गेले. खुंटीवर विकल्या बैलांची दावी टांगलेली. त्यातल्या एका फासात त्यांनी मूठ अडकवली.

तवा कुठं माझ्या ध्यानात आलं. जनावर विकावं, दावं घरात ठेवावं, न्हाईतर लक्ष्मी त्याच्यामागं जातीय. मी बी मागं गाय विकली तवा दावं कमरंला बांधून आलतो.

"तसं सांगायचं न्हाई का, अप्पा?"

"दावं काढताना कुणी सांगून काढतंय व्हय रे? दुसरी मूठ लावूनच देणार होतो. पण तुझ्या डोळ्यात मी चोर दिसलो. आता लाल न्हाई द्यायची. पायजे तर पांढरी न्या."

दाजींनी लई विनवलं. अप्पा हलले न्हाईत. शेवटी पांढरी घेतली. निघताना अप्पांनी तिची बी मूठ काढली. ह्या टायमाला माझ्याकडं बघत, हळूहळू.

"बोल की आता," दाजी म्हणले.

मी आभाळाकडं बघायलो.

संतपूरपतोर दाजी उघड्या सळईवर गिअर टाकत आले, आन दर गिअरला एकदा माझ्याकडं बघायचे. दुसरी मूठ लावून द्यायची अप्पा विसरले म्हणं. माझा तरी संशय हाय.