खालेदच्या वडिलांची कॉफी

मार्चमधला सोमवार. दोघांचा मिळून खर्च एक लाख चाळीस हजार. नाशिक रोड स्टेशनवर हजर तिघं: आई, मामा आणि माझ्या धाकट्या भावाची, संदीपची बायको मनीषा. सातपूरचा कारखाना बंद पडला, म्हणून मी आणि संदीप जॉर्डनला, अम्मानजवळच्या एका वर्कशॉपात फिटर म्हणून निघालो होतो. आईने मला बाजूला घेतलं. "त्याला सांभाळ. लय तापट हाय."

मागे राहिलेल्यांना आणि आमच्यासारखं गेलेल्यांना मी आजवर अर्धंच सांगितलंय. उरलेलं आता सुट्टीत सातपूरला बसून लिहितोय.

तिकडे एका मोठ्या परातीत भात, त्यावर मेंढीचं मटण आणि आंबट दह्याचा रस्सा. सगळे भोवती उभे राहून उजव्या हाताने त्यातच जेवतात. यजमान चांगला तुकडा तोडून पाहुण्यापुढे सरकवतो. सुरुवातीला संदीप कुजबुजला, "भाऊ, हे उष्टं नाय का?" वर्षभरात परातीशी तोच पहिला उभा असायचा.

एका शुक्रवारी गल्लीत क्रिकेट चाललं होतं. संदीपच्या फटक्याने शेजारच्या खालेदच्या गाडीची काच फुटली. खालेद लोखंडी पाइप घेऊन धावला. पहिला घाव मनगटावर, दुसरा कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज मला लांबून ऐकू आला. तिसरा डोक्यावर येत होता. मी मध्ये पडलो, माझे दोन दात गेले. संदीप रक्तात लोळत मराठीतून शिव्या देत होता.

तो दवाखान्यात असतानाच खालेदचे वडील वस्तीतली वडीलधारी माणसं घेऊन आमच्या खोलीवर आले. मी कॉफी केली. म्हाताऱ्याने कप घेतला आणि न पिता समोर ठेवला. बाकीच्यांनीही तसंच केलं. मी ओशाळलो. वैरी असला तरी दारी आलेला माणूस. मोडक्या अरबीत आग्रह केला, "प्या, प्या, गार होतेय."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांनी कप संपवले, मला मिठ्या मारल्या. ते गेल्यावर आमच्या वर्कशॉपच्या फोरमनने समजावलं: मागणं घेऊन आलेला माणूस कॉफी पीत नाही. घरच्याने 'प्या' म्हटलं की मागणं मान्य. ते माफी मागायला आले होते. मी मोठा भाऊ, म्हणून माझा शब्द संदीपचाही. तक्रार, भरपाई, सगळ्यावरचा हक्क सुटला.

संदीप एवढंच म्हणाला, "हात माझा मोडला आन् माफी तू दिली?"

समेटाचं जेवण खालेदच्या घरी झालं. संदीपचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून म्हाताऱ्याने मटणाचा तुकडा तोडून त्याच्या तोंडाशी नेला. संदीपने डाव्या हाताने परात उलथवली. कढत रस्सा खालेदच्या छातीवर गेला. तो किंचाळला. वीस-बावीस माणसं होती. एकानेही हात उचलला नाही. समेट त्यांनी पाळला. म्हातारा वाकून जमिनीवरचा भात गोळा करत राहिला.

संदीप परत आला, मी तिकडेच राहिलो. दर वर्षी सुट्टीत येतो. मनीषा मला वाढते. संदीप माझं झाल्यावर जेवतो. तिकडे शुक्रवारी खालेदच्या घरी मी त्याच्याच शेजारी उभा राहून जेवतो. घर कुठलं विचारलं तर मी अजून सातपूर सांगतो, पण सांगायला थोडा वेळ लागतो.

दवाखान्याचे सहाशे वीस दिनार खालेदच्या वडिलांनी भरले. संदीपच्या परतीच्या तिकिटाचे दोनशे दहा मी भरले. संदीपला, त्या हाताबद्दल, शून्य.