दर्याचे तांडेल, आकुर्डीच्या गेटवर

आकुर्डीच्या आमच्या कारखान्यात पहिल्या पाळीला येणारा माणूस आधी घड्याळाकडे बघे. तांडेल आधी पश्चिमेकडे बघत. गेटबाहेर टोपी काढून, डोळे बारीक करून, तोंडावर वारा घेत क्षणभर उभे राहत आणि मगच कार्ड पंच करत. कोकणातल्या एका लहानशा बंदरावर त्यांच्या घरची होडी होती आणि ती हाकणारे तांडेल तेच. होडी गेली, कारखान्यात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली, तरी सगळे त्यांना तांडेलच म्हणत.

त्यांचा पावसाचा अंदाज हटकून चुके. मावळातला आमचा बबन रोज विचारायचा, "तांडेल, छत्री आनू का न्हाई उद्या?"

"आण."

"म्हंजे उद्या ऊन पडनार, राव! गोधड्या वाळत घाला."

तांडेल हसत. "घाट आडवा येतो मेल्या. वारा चढून चढून दमतो, मग इथं येऊन खोटं बोलतो."

त्यांच्या गावात साल आकड्याने सांगत नसत, वादळाने सांगत. देवळाच्या पायऱ्यांवर होड्या चढल्या ते साल. खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा आला आणि आगबोट बाहेरच थांबू लागली, उतारूंना लहान पडावांतून काठावर आणावं लागलं, ते साल. धाकटा भाऊ होडीसकट गेला ते साल. त्यानंतरच ते घाट चढून इकडे आले. डबा खाताना हा सगळा इतिहास ते सांगत आणि मी भांडायचो. आमच्या घरी पोथ्या नव्हत्या, युनियनची पत्रकं होती. त्यांवरच मी वाढलेलो.

"तुमच्या इतिहासात वारा आहे, पाणी आहे. मासळी लुटणारा दलाल कुठं आहे?"

"दलाल काठावर असतो," ते शांतपणे म्हणाले. "तो बुडत नाय, म्हणून त्याचं साल नाय."

त्यांचं एकच मागणं होतं, मुलगा समुद्रावर जाऊ नये. काशिनाथला दर्याचं वेड. काकाच्या मागोमाग तोही जाईल या धास्तीने तांडेलांनी वर्षभर साहेबांच्या मागे लागून त्याला आमच्या खात्यात आणला. ते आषाढाचे दिवस होते. काही दिवसांतच फोरमन त्याला पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर बसवायला निघाला, तेव्हा तांडेल आडवे आले. नारळी पौर्णिमेआधी त्यांच्याकडे कुणी होडी पाण्यात लोटत नाही. नवं काम तोवर नको, हेल्परच राहू दे.

"अहो, प्रेस काय समुद्रात आहे का?" फोरमनने विचारलं.

"प्रेस नसंल. पोरगा तर समुद्रावरचा हाय ना."

सगळे हसले आणि फोरमननेही ऐकलं. पौर्णिमेला तांडेलांनी चिंचवडच्या घाटावर जाऊन पवनेच्या गढूळ पाण्यात नारळ सोडला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः काशिनाथला प्रेसपाशी घेऊन आले, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आता भिऊ नको. खवळायचे दिवस गेले." इतके निश्चिंत मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्या प्रेसचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारी जाळी, आधीच काढून ठेवलेलं होतं. त्याच्यामुळे माल कमी निघतो म्हणून. जेवणाच्या सुट्टीआधीच काशिनाथच्या उजव्या हाताची बोटं गेली. फक्त अंगठा राहिला.

इस्पितळात कारखान्याचे एक अधिकारी आले. "दैवाचा फेरा, तांडेल. तुम्ही दर्यावरची माणसं, तुम्हाला काय सांगायचं?" अधिकारी गेल्यावर तांडेल माझ्याकडे न बघताच म्हणाले, "नारळ दर्याला चालतो रे. मशिनीला कसला सण?"

त्या आठवड्यात आमची गेट मीटिंग झाली. कधी पुढे न येणारे तांडेल बाकावर चढले. आवाज मोठा नव्हता.

"माझा भाऊ वादळात गेला. मी कुणाला बोल लावला नाय. वादळ कुणी सोडलेलं नसतं. पण ते गार्ड कुणीतरी पान्यानं खोललंय. पाना कुणाच्या हातात होता, ते विचारा."

आम्ही विचारलं. गार्ड लवकरच बसेल, असं उत्तर आलं. काशिनाथला मात्र कामावरून कमी केलं, आणि तांडेलांनी स्वतःच्या नोकरीचा राजीनामा दिला.

एसटी स्टँडवर मी त्यांना पोहोचवायला गेलो. काशिनाथ उजवा हात टॉवेलात गुंडाळून उभा होता. आता हा काय करणार, असं मी हळूच विचारलं.

"बायकांबरोबर मासळी वाळत घालील. एका हातानं येतं ते. रस्सी ओढता येत नाय."

काशिनाथने मला विचारलं, "भाऊ, माझ्या जागेवर आता कोण हाय?"

"मराठवाड्यातून आलेला एक पोरगा आहे. नवाच आहे."

"गार्ड लावलं?"

"अजून नाही."

तांडेलांनी माझ्या हातातली त्यांची पिशवी काढून घेतली. गाडी सुटायला अवकाश होता.

"मग इथं कशाला उभा हायस?" ते म्हणाले. "पहिली पाळी सुटायची हाय अजून, सगळी भेटतील. जा, गेटवर जा."